आधी बोंडू

काजूचा बोंडू झाडावर पिवळा-लाल होऊन कितीही खुणावू दे, त्याला हात लावायचा नसतो. तो आपण होऊन देठ सोडतो, खाली पाचोळ्यावर पडतो आणि मगच टोपलीत येतो. फेणी गाळायला शिकायचं म्हणून मी गोव्यात, सत्तरीतल्या मामाकडे गेले, तेव्हा मला मिळालेला पहिला धडा हा. मी वही घेऊन गेले होते. भांडं केवढं असावं, जाळ किती वेळ ठेवावा, नळीला उतार किती द्यावा, असे प्रश्न ओळीने लिहून ठेवले होते. मामाने वही चाळली, परत दिली आणि माझ्या हातात टोपली ठेवली. "उजो मागीर," तो म्हणाला, "आदीं बोंडू." आग नंतर, आधी बोंडू.

मामाची भट्टी वाळपईपासून आत, डोंगराच्या कुशीत आहे. झावळ्यांचा मांडव, त्याखाली मातीची चूल, शेजारून वाहणारा ओहोळ. काजूचा हंगाम संपला की पावसाआधी मांडव उतरवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालतात. पण त्या मांडवापर्यंत पोचायला मला वेळ लागला. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही काजूच्या बागेत जायचो. रात्रीतून पडलेले बोंडू वेचायचे, डाव्या हातात फळ, उजव्या हाताने बी पिरगळून काढायची, बी एका टोपलीत, फळ दुसऱ्या. मामीचे हात हे काम इतक्या लयीत करतात की दोन टोपल्यांत दोन वेगळे आवाज एकाआड एक पडत राहतात. बीच्या टरफलात जहाल तेल असतं, कातडी सोलून काढेल असं. चुकून एखादी बी फळाबरोबर रगडली गेली तर ते तेल रसात उतरायचं. त्यामुळे वेचणाऱ्याची नजर इथे फार मोलाची.

झाडावरचा बोंडू पिकलेला दिसतो खरा, पण त्याच्यात तुरटपणा शिल्लक असतो. जीभ आक्रसून घेणारं ते टॅनिन फळ जसजसं पिकतं तसतसं कमी होत जातं, साखर वाढत जाते, आणि देठ सुटण्याच्या क्षणाला दोन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या असतात. मात्र त्या क्षणानंतर फळाकडे वेळ उरत नाही. बोंडवाची साल इतकी पातळ की पडतानाच ती कुठेतरी फुटते. दुपारपर्यंत त्या भेगेत माश्या बसतात, संध्याकाळी आंबट वास येतो, दुसऱ्या दिवशी त्याचा शिरका होऊ लागतो. म्हणजे आधी वाट पाहायची आणि मग घाई करायची. सकाळी वेचलेलं फळ त्याच दिवशी रगडलं गेलं पाहिजे, यात सूट नाही. घरी कुणी आजारी असो, लग्नकार्य असो, बोंडू थांबत नाही.

माझं बालपण सिंधुदुर्गात गेलं. आमच्याही काजूच्या बागा होत्या, आजही आहेत. पण आमच्याकडे काजू म्हणजे बी. मे महिन्यात घराघरांत बीच्या दराचीच चर्चा. बोंडू कुणी मीठ लावून खाल्ला तर खाल्ला, गुरांनी खाल्ला तर खाल्ला, उरलेला सगळा झाडाखाली. त्यांचे ढीग सडायचे आणि त्या सडण्याचा गोडसर, आंबूस, डोक्यात जाणारा वास उन्हाबरोबर अंगणात यायचा. लहानपणी मला तो मे महिन्याचाच वास वाटायचा. बीच्या आठ-दहा पट वजन बोंडवाचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे एक पोतं बी बाजारात गेली की आठ-दहा पोती फळ आम्ही जमिनीला दिलेलं असायचं. संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असलेलं फळ. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या, त्यांनी कोकणाचं बीचं उत्पन्न पालटून टाकलं. त्या केंद्राबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही बोंडवाचं काय, हा प्रश्न बागेत तसाच पडून राहिला.

आमच्या बाजूच्या दोडामार्गहून सत्तरीत यायला फार वेळ लागत नाही. माती तीच, जांभा तोच, झाडंही तीच. पण सीमेच्या अलीकडे जे फळ कुजतं त्याला पलीकडे दिवसाचा भाव असतो. हंगामात आमच्या बाजूचे बोंडू टेम्पो भरभरून गोव्यातल्या भट्ट्यांवर जातात. फरक कायद्याचा आहे. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा आहे. सरकार काजूच्या पट्ट्यांचा लिलाव करतं, भट्टीला परवाना देतं, शुल्क घेतं आणि गाळणाऱ्याला दिवसाढवळ्या गाळू देतं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्यावाचून घरी दारू गाळणं हा सरळ गुन्हा आहे. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून माणूस स्वतःपुरती दारू स्वतःच्या घरी गाळू शकतो, आपल्याकडे तशी सरसकट मोकळीक नाही. म्हणून ज्याला हे शिकायचंय त्याने परवाना असलेल्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावी, हा एकच सरळ मार्ग मला दिसला. तो बरा निघाला. घरी एकटीने भांडी मांडून बसले असते तर मला आगीचं वेड लागलं असतं आणि फळ कळलंच नसतं.

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो या किनाऱ्यावर आणला. दुसऱ्या कुठल्या पिकाला नको असलेल्या उघड्या, जांभ्याच्या चढणींवर तो फोफावला. त्याच्या फळातून पहिल्यांदा दारू कुणी उतरवली, त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. पण त्याआधी इथे माडाची सूर काढणारे रेंदेर होतेच, त्या सुरेतून दारू गाळण्याची हातोटी होती. त्याच हातांनी परदेशातून आलेलं फळ जवळ केलं असणार असं मला वाटतं. माडाची फेणी दक्षिण गोव्यात आजही होते. काजूची मात्र आता साऱ्या गोव्याची ओळख झाली आहे, आणि त्यातही सत्तरी म्हणजे काजूचं माहेर.

बोंडू रगडायची जागा म्हणजे कोळंबी. जांभ्याच्या खडकात खोदलेला उथळ खळगा, एका बाजूला किंचित कलता, कडेला रस वाहून जाईल अशी वाट. आता बऱ्याच ठिकाणी हे काम यंत्र करतं. मामाकडेही ते आहे, गर्दीच्या दिवसांत लावतो. पण मला त्याने कोळंबीत उतरवलं. पाय घासूनपुसून धुतले आणि फळांवर उभी राहिले. पहिली दोन-चार पावलं गुदगुल्या होतात, मग फळ फुटतं, रस घोट्यांपर्यंत येतो, आणि थोड्या वेळाने सालीचे धागे पायांना गुंडाळायला लागतात. रस थंड असतो. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि तळव्यांना झाडाखालच्या सावलीचा थंडावा. रगडून उरलेला चोथा मग हाताने थापून त्याचा ढीग करायचा, रानवेलीने तो घट्ट बांधायचा आणि वर जड दगड ठेवायचा. रात्रभर त्यातून थेंब थेंब रस झरतो. तो निरो. स्वच्छ, सोनेरी, गोड. पहाटे गडव्यात साठलेला निरो प्यायला मिळणं हा या कामाचा खरा मेहनताना आहे. आंबायला लागायच्या आत तो प्यावा लागतो, म्हणजे सकाळची न्याहारी व्हायच्या आधीच. तो शहरात फारसा पोचत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. काही चवी जागेवर जाऊनच घ्याव्यात.

पायाखालचा रस मोठ्या मातीच्या भांड्यात जातो. मामीकडे ती अर्धी जमिनीत पुरलेली आहेत, म्हणजे उन्हाचा तडाखा थेट बसत नाही. आता पुष्कळ जण प्लॅस्टिकची पिंपं वापरतात. रसात काही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, बाजारातलं यीस्टही नाही. फळाच्या सालीवर आणि त्या भांड्याच्या भिंतींवर जे जंतू वर्षानुवर्षं वस्तीला आहेत तेच कामाला लागतात. काही तासांत बुडबुडे दिसतात, फेस चढतो, रस जागच्या जागी बोलायला लागतो. दोन-तीन दिवस हे चालतं. मामी दिवसातून कितीतरी वेळा भांड्यावर वाकते आणि वास घेते. सुरुवातीला नुसता गोड, मग पिकल्या केळ्याकडे झुकणारा, मग त्या गोडाच्या आत काहीतरी तिखट उभं राहतं. फेस बसला, बोलणं थांबलं की रस तयार. तिथून पुढे उशीर केला तर आंबटपणा वर येतो आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत सोबत करतो.

मला यातलं सगळ्यात जास्त आवडलं ते असं की इथे गणित आणि नाक एकमेकांशी भांडत नाहीत. बोंडवाच्या रसात साधारण दहा-बारा टक्के साखर असते. ती आंबली की त्यातून सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतं. म्हणजे शंभर लिटर रसात साधारण सहा लिटर. हुर्राक, म्हणजे पहिल्या गाळपाची हलकी दारू, पंधरा टक्क्यांच्या आसपास धरला, तर काहीही वाया न जाता चाळीस लिटर हुर्राक. बाटलीत मिळणाऱ्या फेणीची ताकद ४२.८ टक्के असते. त्या हिशेबाने शंभर लिटर रसाची चौदा लिटर फेणी, तीही सगळं सोन्यासारखं जमलं तर. प्रत्यक्षात कमीच. या हिशेबाकडे पाहिलं की रसात पाणी का घालायचं नाही हे आपोआप कळतं. साखर घालून ताकद वाढवता येते, लवकर पैसा होतो. पण साखरेला बोंडवाचा वास नसतो. जेवढी साखर घालाल तेवढी फेणी पातळ होत जाते, अल्कोहोलने नाही, काजूने.

मग एकदाचा भट्टीचा दिवस आला.

भाण म्हणजे तांब्याचं मोठं, फुगीर पोटाचं भांडं. पूर्वी ते मातीचं असे. आंबलेला रस त्यात ओतायचा, पण काठोकाठ नाही, उकळीला जागा ठेवायची. तोंडावर झाकण, झाकणातून किंवा मानेतून निघणारी नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला लावणी, म्हणजे वाफ जिथे थंड होऊन थेंब होते ते भांडं. सगळे सांधे मातीने लिंपायचे. मामा त्यासाठी वारुळाची माती आणतो. मुंग्या-वाळवीने चाळून चाळून ती इतकी मऊ केलेली असते की पाणी लावून बोटाने फिरवली की सांध्यात जाऊन बसते, वाळली तरी भेगाळत नाही. हे लिंपण त्याने मला करायला दिलं आणि स्वतः शेजारी उकिडवा बसून बघत राहिला. लिंपण फुटलं तर दोन गोष्टी होतात. वास निसटतो, म्हणजे वर्षाची कमाई हवेत जाते. आणि अल्कोहोलची वाफ पेट घेते. चुलीपासून दोन हातांवर पेटणारी वाफ काय करू शकते हे समजायला वही लागत नाही. भट्टीवर चेष्टामस्करी चालते, पण लिंपताना कुणी बोलत नाही.

जाळ लावला की पहिल्यांदा भाण गप्प असतं. मग आतून घरघर येते. मामा नळीवर तळहात ठेवतो. भाणाकडून लावणीकडे ऊब कशी सरकते आहे हे तो हाताने मोजतो. माझाही हात त्याने तिथे ठेवला. वीतभर नळी तापलेली, पुढे कोमट, पुढे गार. थोड्या वेळाने पुन्हा ठेवला तर कोमटाची हद्द पुढे गेलेली. त्या हद्दीबरोबर आतली वाफ पुढे निघालेली असते. अल्कोहोल ७८.३ अंशांवर उकळतं, पाणी शंभरावर. पण दोघं एकमेकांत विरघळलेले असल्याने वाफ सुरुवातीपासून दोघांची मिळून असते, तिच्यात अल्कोहोलचा वाटा फक्त जास्त असतो. जाळ वाढवला की पाणी जास्त येतं आणि तळाला गाळ लागून करपट वास धरतो. तो वास मग कशानेही जात नाही. म्हणून जाळ मंद, खवा आटवताना ठेवतो तसा, एकसारखा. लाकूड ओढायचं, लाकूड सरकवायचं. लावणीवर मामी करवंटीच्या डावाने गार पाणी ओतत राहते. ओहोळ भट्टीला लागून का असतो, हे तेव्हा कळतं.

आणि मग पहिला थेंब. तो पडताना जो वास येतो त्याने मी मागे सरले. झणझणीत, नाकात बोचणारा. इथाइल ॲसिटेट आणि ॲसिटाल्डिहाइड ही हलकी द्रव्यं आधी उडतात, त्यांचा हा वास. नेलपॉलिश काढायच्या द्रवात असतं ते हेच इथाइल ॲसिटेट. मामा ते पहिलं उतरलेलं वेगळ्या बाटलीत घेतो आणि बाजूला सारतो. हळूहळू बोच कमी होते. मग एका क्षणी, मी सांगते तो खरोखर क्षणच असतो, बोंडू परत येतो. सकाळी झाडाखाली पाचोळ्यातून जो वास वर येत होता तोच, फक्त आता स्वच्छ आणि उभा. मामीने माझ्या मनगटावर दोन थेंब टाकले, चोळायला लावले. अल्कोहोल उडून गेलं आणि कातडीवर नुसतं फळ राहिलं. त्या वासासाठी मी शिकायला गेले होते हे मला तिथे कळलं.

मेथनॉलबद्दल मात्र नीट बोललं पाहिजे, कारण फळांची दारू म्हटलं की लोकांना पहिली भीती त्याची वाटते आणि ती वाटायलाच हवी. फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन असतं, आंबताना त्यातून थोडं मेथनॉल होतं. ते ६४.७ अंशांवर उकळतं म्हणून सगळं आधीच निघून जातं, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. पाण्याच्या आणि अल्कोहोलच्या संगतीत ते थोडंथोडं शेवटपर्यंत येत राहतं. त्यामुळे पहिलं उतरलेलं टाकलं की आपण सुरक्षित झालो, असं कुणी मानू नये. निवडलेलं फळ नीट आंबवून गाळलं तर त्यात मेथनॉलचं प्रमाण मुळातच अल्प राहतं, खरी सुरक्षितता तिथे आहे. माणसं मरतात ती बहुतेक वेळा बाहेरून मिसळलेल्या औद्योगिक मेथनॉलने. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. मेथनॉल शरीरात गेलं की त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आधी डोळे जातात, मग जीव. मालवणीत गेलेली बहुतेक सारी हातावर पोट असलेली माणसं होती. दारूच्या भट्टीबद्दल गोड लिहिताना ती माणसं विसरायला मला जमणार नाही. आणि म्हणूनच शिसं लावून जोडलेली भांडी, गाडीचे जुने रेडिएटर, कुठून आणलं हे माहीत नसलेलं स्पिरिट, या गोष्टींशी ज्याची तडजोड चालते त्याच्या हातचं पिऊ नये. भांडं तांब्याचंच हवं. तांबं गंधकाची घाण वाफेतून ओढून घेतं, चव सुधारते.

पहिल्या गाळपाचा जो निघतो तो हुर्राक. हलका, फळाचा, त्या हंगामापुरता. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून तो प्यायचा अशी गोव्याची रीत आहे. हुर्राक पुन्हा भाणात घालून, काही जण त्यात आंबलेला रसही मिसळतात, दुसऱ्यांदा गाळला की फेणी. जुन्या काळी तिसऱ्यांदाही गाळत, तो कडक माल आता क्वचित कुठे मिळतो. ताकद मोजायला ग्राव असतो, पोर्तुगीज काळापासून चालत आलेला. काचेची नळी तरंगवायची आणि किती बुडते ते पाहायचं. फेणी एकोणीस ग्रावच्या आसपास आली की मामा समाधानाने मान हलवतो. पण नळी बुडवायच्या आधीच त्याला उत्तर माहीत असतं. तो पेल्यात थोडी फेणी उंचावरून ओततो. कडेला मण्यांची माळ उठते. मणी केवढे आणि किती वेळ टिकतात यावरून तो ग्राव सांगतो, मग नळी त्याच्या म्हणण्याला दुजोरा देते. मी मणी पाहायला शिकते आहे. ताजी फेणी धारदार असते, ती काचेच्या मोठ्या, वेताने विणलेल्या बाटल्यांत महिनोन् महिने ठेवतात. लाकडाच्या पिंपाचा रंग तिला लागत नाही. ती पाण्यासारखी नितळ राहते आणि जे सांगायचं ते वासातूनच सांगते.

हा वास शहरातल्या अनेकांना सहन होत नाही. पर्यटक बाटली उघडतो, तोंड वाकडं करतो, काजूच्या आकाराची ती बाटली शोकेसमध्ये ठेवून देतो. मला याचं मनापासून दुःख होतं. चेरीपासून जर्मन लोक जी दारू काढतात, आलुबुखारापासून सर्बियात जी काढतात, हंगेरीत जर्दाळूची जी पालिंका होते, ती सगळी याच कुळातली. पिकलेलं फळ, स्वतःचं आंबणं, तांब्याचं भांडं, मंद जाळ. त्या दारूंना जगात मान आहे, कारण त्या लोकांनी आपला वास लपवला नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याच्या वारशाचं पेय ठरवलं. हे योग्यच झालं. पण मानांकन कागदावर असतं, आणि त्याच वेळी गुळाची किंवा बाजारातल्या स्पिरिटची दारू फेणीच्या नावाने स्वस्तात विकली जाते. बोंडू वेचून, रगडून, दोनदा गाळून फेणी करणाऱ्याला त्या भावात विकणं परवडत नाही. मामाच्या आजूबाजूच्या कितीतरी भट्ट्या बंद पडल्या. वेचायला माणसं मिळत नाहीत, लाकूड महागलं, मुलं पणजीला, मडगावला, दुबईला गेली. मामाचा मुलगाही बोटीवर आहे. मी शिकायला आले तेव्हा मामाला आनंद झाला, आणि तो आनंद पाहून मला जबाबदारी वाटली.

शिकताना माझी वही भरली, पण मी सोबत आणलेल्या प्रश्नांची उत्तरं तिच्यात फारशी नाहीत. कुठल्या झाडाचा बोंडू आधी गोड होतो, पहिला अवकाळी पाऊस पडला की रसातली साखर कशी उतरते, पिवळा बोंडू आणि लाल बोंडू यांचे वास कसे वेगळे, आंबताना मामी कुठल्या वासाला नाक मुरडते, हेच त्यात जास्त आहे. फळांची दारू गाळायला घेणारा प्रत्येक नवखा माणूस आधी भांड्यांच्या मागे लागतो असा माझा अंदाज आहे, आणि त्यात त्याचा दोषही नाही. भांडं दिसतं, आग दिसते. पण भाण काहीही नवीन निर्माण करत नाही. आत जे गेलं तेच ते गोळा करून देतं. सडकं फळ घातलं तर सडकेपणा गोळा होऊन येतो, आळस घातला तर आळस. फेणी झाडाखालीच बरी किंवा वाईट झालेली असते. आगीचं काम त्यातलं बरं न बिघडवणं एवढंच.

माझ्या गावाकडे, सिंधुदुर्गात, बागायतदार कितीतरी वर्षं मागणी करताहेत की बोंडवावर प्रक्रिया करायला सुटसुटीत परवाने मिळावेत. मला ती मागणी रास्त वाटते. लहान भट्ट्या, नोंदलेल्या, तपासल्या जाणाऱ्या, तांब्याच्या भाणाच्या. त्यातून बोंडवाला दाम मिळेल आणि चोरून होणाऱ्या, कशाचीच खात्री नसलेल्या दारूला आळा बसेल. दारूने घरं उद्ध्वस्त होतात हे ज्या बायका सांगतात त्यांचं म्हणणंही मी ऐकलेलं आहे, आमच्याच वाडीत ऐकलेलं आहे, आणि परवाने देताना त्यांचा शब्द आधी घेतला पाहिजे. पण फळ जमिनीत कुजवून कुणाचंही घर वाचत नाही.

तोवर वाचकांना एक विनंती. गोव्यात गेलात तर विमानतळावरची काजूच्या आकाराची बाटली घेऊ नका. सत्तरीत, डिचोलीत, पेडण्यात चौकशी करा, परवाना असलेली भट्टी शोधा, गाळणाऱ्याला भेटा आणि तो सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या. पिणार नसाल तर निरो मागा. हुर्राक पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. साधारण मार्चपासून मे संपेपर्यंतच तो मिळतो.